विसरायला लागलेल्या पेशंटला इन्सुलिनचं पेन की पॅच?

हेमंत_सातारा:
माझं मत स्पष्ट आहे, ज्यांना विसरायला व्हायला लागलंय त्यांच्या हातात इन्सुलिनचं पेन देऊच नये. घेतलं की नाही ते आठवत नाही म्हणून परत टोचतात, जेवण झालेलं नसतं तरी टोचतात, आणि मुलं पुण्या-मुंबईत. संशोधक झेन गू यांच्या टीमने 2020 मध्ये नाण्याएवढा पॅच मिनीपिग जातीच्या डुकरांवर वापरून दाखवला, साखर वाढली की बारीक सुयांतून इन्सुलिन सुटतं, उतरली की कमी होतं. असल्या लोकांसाठी तो आधी यायला हवा, सगळा जोर तिथे लावा.

मृण्मयी_के:
हेमंतदादा, डुकरांवर चाललं म्हणून आजीला चालेल असं थोडंच आहे? आणि पॅचच्या नावाने काय काय खपवतायत बघा, ऑनलाइन हर्बल 'शुगर पॅच'. इन्सुलिनचा रेणू साधारण 5800 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप), कातडीतून 500पर्यंतचेच नीट जातात, म्हणून निकोटीनचा पॅच चालतो आणि साध्या चिकटपट्टीतून इन्सुलिन जात नाही. दंडावरचा सेन्सर नुसती साखर मोजतो, काही लोक त्यालाच इन्सुलिन समजतात!! शिवाय विसरणारा माणूस खाज आली की पॅच उपटून टाकेल त्याचं काय?

काका_नाशिक:
पेन-पॅच राहू द्या हो, मूळ मुद्दा साखरेचा आहे. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या 1999च्या अभ्यासात डायबेटिसवाल्यांना डिमेन्शियाचा, म्हणजे स्मरणशक्ती जाण्याच्या आजाराचा, धोका जवळपास दुप्पट निघाला. म्हणून साखर कडकच ठेवली पाहिजे, सूट नको.

मृण्मयी_के:
काका, इथे मी अजिबात सहमत नाही. अ‍ॅकॉर्ड-माइंड नावाच्या अभ्यासात नेमकं हेच तपासलं, एका गटाचं एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) 6 टक्क्यांच्या खाली आणायचं आणि दुसऱ्याचं 7 ते 7.9, 40 महिन्यांनी स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये फरक नाही. उलट 2009च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात साखर इतकी उतरली की हॉस्पिटल गाठावं लागलं अशा वयस्कर टाइप 2 पेशंटमध्ये पुढे डिमेन्शिया जास्त दिसला. स्मरणशक्ती सौम्य ते मध्यम कमी झालेल्या म्हाताऱ्या माणसाला अमेरिकन डायबेटिस असोसिएशनसुद्धा एचबीएवनसी 8च्या खाली एवढंच टार्गेट सुचवते, तुम्ही सूट नको म्हणता?

काका_नाशिक:
40 महिने म्हणजे काहीच नाही ताई. नुकसान वीस-वीस वर्षांत होतं, पन्नाशीच्या आत कडक ठेवली असती तर ही वेळच आली नसती. तरुणांना सूट देऊ नका एवढंच म्हणतोय.

मृण्मयी_के:
तरुणांचं मान्य, पण हेमंतदादा बोलतायत ते सत्तरीपुढच्यांबद्दल. आणि डायबेटिसची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी12 तपासून घ्या, ते कमी झालं तरी विसरायला होतं आणि ते भरून काढता येतं.

हेमंत_सातारा:
उपटून टाकतील हा मुद्दा पटला नाही, पाठीवर लावता येईल की, हात पोचत नाही तिथे. पॅच येईपर्यंत दिवसातून एकदाच घ्यायचं इन्सुलिन डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ते घरातल्या नाहीतर शेजारच्या माणसाने द्यायचं आणि पेन त्याच्याकडेच ठेवायचं.