सर्टिफाइड वॅगनआरचे ६५ हजार जास्त: द्यायचे का?

कापूसवाला (ता. दारव्हा)
राम राम मंडळी. सल्ला पाहिजे. भांडण झालं तरी चालेल, पण खरं सांगा.

२०१९ ची पेट्रोल वॅगनआर दोन ठिकाणी पाहिली. एक यवतमाळला, कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमात. ५२ हजार किमी, सर्टिफाइड (म्हणजे कंपनीने तपासून दिलेली), एक वर्षाची वॉरंटी, तीन सर्व्हिस फुकट. सांगतात ४ लाख ३५ हजार. दुसरी दिग्रसच्या एका रिटायर गुरुजींची, मामाच्या ओळखीतले. ६१ हजार किमी, एकच मालक, गाडी घरामागच्या शेडमध्ये उभी असते. ते म्हणतात ३ लाख ७०.

फरक ६५ हजार. म्हणजे आठ क्विंटलाच्या वर कापूस झाला. आईला दर महिन्याला वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात न्यावं लागते, म्हणून गाडी पाहिजेच. घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीचा पांदण रस्ता आहे, तेही लक्षात घ्या. बायको म्हणते शोरूमची घ्या, मामा म्हणतो पैसे वर आले का?

स्पॅनर १०-१२
मामा बरोबर म्हनते. अठरा वर्सं झाले गाड्या उघडून रायलो. सर्टिफिकेट गाडीले नाई, कागदाले असते. ६५ हजारात तुह्या गुरुजींच्या गाडीचे चारही टायर, क्लच, बॅटरी अन् सस्पेन्शनचे बुश नवे होतात, वरून पैसे उरतात. हे सगळं वॉरंटीत बसतच नाई. मंग वॉरंटी कायची?

जिल्हा परिषदवाली, वाशीम
सगळ्यांच्या घरी स्पॅनरभाऊ नसतात. मी शाळेत एकटी ये-जा करते, रोजचे ३४ किमी. बोनेट उघडलं तर आत काय आहे ते मला कळत नाही आणि कळायलाच हवं असंही नाही. दोन वर्षांपूर्वी सर्टिफाइड गाडी घेतली, जास्तीचे पैसे देऊन. पाचव्या महिन्यात गिअर अडकायला लागला. त्यांनी गिअरबॉक्स उघडला, दुरुस्त करून दिला, माझ्याकडून एक रुपया घेतला नाही. ओळखीच्या माणसाची गाडी असती तर मी कोणाच्या दारात जाणार होते? ओळख असली की तक्रारसुद्धा करता येत नाही, तेरवीला-लग्नाला तोंड दाखवायचं असतं.

स्पॅनर १०-१२
ताई, तुमचं नशीब बरं. गिअरबॉक्स वॉरंटीत असते, हे मान्य.

संत्रापट्टी (वरुड)
आता माझं ऐका. मीसुद्धा कागद पाहूनच फसलो. गाडी कोणती, शोरूम कोणतं ते सांगत नाही. चौथ्या महिन्यात क्लच गेला. फोन केला तर म्हणे, "सर, क्लच झिजणारा पार्ट आहे." ब्रेक पॅड? झिजणारा. बॅटरी? त्यात नाही. लोअर आर्मचा बुश? तोही झिजणारा. मी म्हटलं, बापू, मग न झिजणारं काय आहे, हॉर्न का?

अन् अमरावतीला न्यायची तर माझ्याकडून जाऊन-येऊन दीडशेच्या वर किलोमीटर. फुकट सर्व्हिसचं पेट्रोल, दिवसाची मजुरी अन् बाहेरचं जेवण धरलं की फुकट काही राहत नाही. ऑइल-फिल्टरचे पैसे तर वेगळेच घेतात, फुकट फक्त मजुरी. वॉरंटी वर्कशॉपच्या वीस किलोमीटरात राहणाऱ्याची असते, आपली नाही.

लाल डब्बा
शकुंतला रेल्वे चालू असती तर ह्या भानगडीच नसत्या.

कापूसवाला
शकुंतला मूर्तिजापूरले जात होती भाऊ, सावंगीले नाही.

हिशोबी
तुम्ही ६५ हजार शोरूमला देऊन राहिलो समजता, त्यातले जास्त तर सरकारलाच जातात. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के जीएसटी झाला. ४ लाख ३५ चे १८ टक्के काढून पाहा, ७८ हजार होतात!

वहीखाते, नागपूर
हिशोबी, नाव बदला आधी. १८ टक्के पूर्ण किमतीवर नाही, डीलरच्या खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर लागतो. समजा त्याने ही गाडी ३ लाख ६० ला घेतली आणि ४ लाख ३५ ला विकली, तर कर ७५ हजारांवर, म्हणजे साडेतेरा हजार. छोट्या गाड्यांवर आधी १२ टक्के होता, तो जानेवारी २०२५ मध्ये १८ झाला. गुरुजी स्वतःची गाडी विकतील तर जीएसटी शून्य. म्हणजे ६५ हजारांत साडेतेरा कराचे. उरलेल्यात साफसफाई, दुरुस्ती, वॉरंटी, जागेचं भाडं आणि त्याचा नफा.

दुसरी गोष्ट कोणीच बोललं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव खाली यायलाच पाहिजे. सहा-सात वर्षांच्या गाडीचे ४ लाख ३५ कोणी मागत असेल तर आधी नवीच्या बेस मॉडेलचं कोटेशन खिशात ठेवून जा. मात्र नवीच्या शोरूम किमतीवर आपल्याकडे पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आणि वर विमा लागतो, तो मिळवूनच तुलना करा.

कापूसवाला
नवी नको भाऊ. पांदणीत पहिल्याच पावसात जीव जाईल माझा, गाडीचा नाही.

बँकवाले काका, पुसद
पस्तीस वर्षं बँकेत गेली, तेव्हा इंजिनावर बोलणार नाही, कागदावर बोलतो. सर्टिफाइड गाडीच्या जादा पैशांत मला खरी किंमत कागदांची वाटते. तुम्ही सगळे क्लच-क्लच करताय.

गुरुजींकडून घ्यायची तर फॉर्म २९ आणि ३० भरून आरटीओत नाव बदलावं लागतं. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं. गावाकडे काय होतं? सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन माणूस वर्षभर गाडी फिरवतो. मध्ये अपघात झाला तर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये साफ सांगितलं आहे की आरसीवर ज्याचं नाव, त्याची जबाबदारी. म्हणजे फसायचे गुरुजी. आणि विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घेतला नाही, तर तुमच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर कंपनी बोट ठेवते.

अजून एक. डीलरने चूक केली तर तुम्ही ग्राहक आयोगात जाऊ शकता. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळलाच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. गुरुजी व्यापारी नाहीत, त्यांच्यावर तो कायदा चालत नाही. हा फरक ६५ हजारांचा आहे की नाही ते तुम्ही ठरवा.

संत्रापट्टी (वरुड)
काका, आयोगात गेलो असतो तर आतापर्यंत दुसरा क्लच गेला असता.

बँकवाले काका, पुसद
हसू आलं, पण उत्तर नव्हे हे. वॉरंटीत काय बसत नाही त्याची यादी तुम्ही पैसे देण्याआधी मागितली होती का?

संत्रापट्टी (वरुड)
नाही मागितली. तिथेच खाल्ली माती.

स्पॅनर १०-१२
काकाचं कागदाचं बरोबर हाय, पन तेवढ्यासाठी ६५ हजार? आरटीओचं काम हजार-दोन हजारात एजंट करून देते. अन् मारुतीवाले ३७६ मुद्दे तपासतात म्हनतात. तपासत असतीन. मी सातच तपासतो, पन स्वता वाकून तपासतो. कापूसवाल्या, कोनतीबी गाडी पाह्यले जाशीन तं हे कर:

सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकानं आधीच चालू करून ठेवली असन तं समज काहीतरी झाकून रायला. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढ, शेवटच्या टोकापर्यंत. गाडी कधी पुरात बसली असन तं त्या टोकाले गाळाची रेघ रायते, धुवून जात नाई. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हंजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ६० हजाराच्या वर चाललेल्या गाडीले तेच टायर असतीन तं दिल्लगी नको, बदला. ब्रेकच्या पेडलचं रबर पाह्य. मीटर फिरवता येते, पायानं घासलेलं रबर कोनी भरून देत नाई. मडगार्डच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे दिसले तं मडगार्ड निघालेलं हाय, काऊन निघालं ते इचार. अन् खाली झोपून चेंबर, म्हंजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, पाह्य, आपल्याकडच्या रस्त्यानं ते घासलेलं असतेच, पन ऑइल गळत असन तं तिथूनच घरी ये.

हे सर्टिफाइड गाडीलेबी कर. त्याहिले राग येईन, येऊ दे.

जिल्हा परिषदवाली, वाशीम
हे मी केलं असतं तर शोरूमवाल्याने मला वेड्यात काढलं असतं. आणि तुम्ही सगळे जण "मिस्त्री सोबत न्या" म्हणता, तो मिस्त्रीसुद्धा कोणाकडून कमिशन खात नाही याची वॉरंटी कोण देतं?

स्पॅनर १०-१२
हे मातर खरं हाय ताई. मिस्त्री आपल्या पैशानं न्यावा. विकनाऱ्याच्या गावचा नाई.

कापूसवाला
मंडळी, जाऊन आलो. आमच्या गावचा मिस्त्री सोबत होता, ५०० रुपये अन् दोन वेळचा चहा.

शोरूमची गाडी चांगली निघाली, खोटं बोलणार नाही. सीट बेल्ट ओढला तेव्हा तिथला पोरगा माझ्याकडे पाहत राहिला. वॉरंटीची यादी लेखी मागितली, दिली. क्लच नाही, बुश नाही, बॅटरी नाही. इंजिन अन् गिअरबॉक्स आहे. नवीचं कोटेशन दाखवलं तर ४ लाख २० वर आले.

गुरुजींची: टायर चारही पहिलेच. क्लच वर लागतो, मिस्त्री म्हणतो सहा महिने जाईल. चेंबर कोरडं. पण परिवहनच्या अॅपवर आरसी पाहिली तर गाडीवर अजून बँकेचा बोजा दिसते. गुरुजी म्हणे, कर्ज केव्हाच फिटलं, नाव काढायचं राहून गेलं. टायर-क्लचचा खर्च मांडून दाखवला, ते ३ लाख ५० ला तयार झाले अन् लगेच ५ हजार बयाना मागितला. मी म्हटलं, गुरुजी, आधी बँकेची एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) अन् बोजा काढायचा फॉर्म ३५ आणा. त्यांना थोडं लागलं. मामाला जास्त लागलं.

सोमवारी ते बँकेत जाणार आहेत. तोवर मी कोणालाच पैसे देत नाही.

बँकवाले काका, पुसद
शाब्बास. एनओसीची तारीखही पाहा, जुनी झाली असेल तर बँकेतून नवी घ्यायला सांगा.

जिल्हा परिषदवाली, वाशीम
आईंना घेऊन रात्रीचं यायचं असेल तर मी अजूनही शोरूमचीच म्हणेन. फरक आता ७० हजार झाला हे दिसतंय, तरी.

स्पॅनर १०-१२
एक राह्यलं. गाडी शेडमध्ये उभी असते म्हनला होता. शेडमध्ये धान्याचे पोते होते का?

कापूसवाला
सोयाबीनचे होते. दहा-बारा.

स्पॅनर १०-१२
बोनेटखालचं वायरिंग पाह्यलं? उंदरानं कुरतडलेलं?

कापूसवाला
नाही पाहिलं बाप्पा. सोमवारी परत जातो.