मदत हवी आहे: पोकरमध्ये बिग ब्लाइंडवर हलके पत्ते आले तर कॉल कधी करायचा?

आम्ही सहा जण शनिवारी रात्री टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांचे पाच) खेळतो. पैसे नाहीत, नुसत्या चिप्स. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी घालायच्या चिप्स, स्मॉल ५० आणि बिग १००, सुरुवातीला प्रत्येकी १०,०००. सगळे मूळचे तीन पत्तीवाले, त्यामुळे पत्ते टाकून द्यायला कुणाचं मन धजत नाही.

माझं अडतं ते ब्लाइंडवर. बटणावर, म्हणजे डीलरच्या जागी, बसलेला एक मित्र जवळजवळ दर वेळी रेझ करतो, म्हणजे पैज वाढवून २५० करतो. स्मॉल ब्लाइंडवाला फोल्ड करतो, म्हणजे पत्ते टाकतो. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ४०० जमलेले असतात आणि कॉलला, म्हणजे त्याच्याइतके करायला, मला वर घालायचे असतात १५०. म्हणजे ५५० च्या पॉटसाठी १५०, साधारण २७ टक्के जिंकलो तरी भागतं. आता ७-२ ऑफसूटलाही (दोन वेगळ्या रंगांचे) कुठल्याही दोन पत्त्यांसमोर, पाचही पत्ते उघडेपर्यंत, ३५ टक्क्यांच्या आसपास संधी असते. मग या हिशोबाने काहीच टाकायला नको! पण खेळताना तसं होत नाही.

परवाचा डाव सांगतो. माझ्याकडे किलवर ८-५. त्याचे २५०, माझा कॉल, पॉट ५५०. फ्लॉप (पहिले तीन उघडे पत्ते) राजा-८-३, तिन्ही वेगळ्या रंगांचे. मी चेक (पैज न लावता पुढे), त्याने २०० लावले, मी कॉल. टर्नला (चौथा पत्ता) राणी, त्याने ६०० लावले. हातात ८ ची जोडी, समोर राजा आणि राणी, रिव्हर (पाचवा पत्ता) अजून बाकी. मी सोडून दिलं. एकूण ४५० गेले, त्यातले १०० ब्लाइंडचेच.

मुळात ८-५ घेऊन आत जायचंच नव्हतं का? आणि स्मॉल ब्लाइंडलाही हाच नियम लागतो का? डिसेंबरमध्ये पणजीच्या कॅसिनोत टेबलवर बसायचा बेत आहे, म्हणून मनापासून विचारतोय.

प्रतिसाद १

२७ टक्क्यांचा हिशोब बरोबर आहे. गडबड ३५ मध्ये आहे. तो आकडा पाचही पत्ते बघायला मिळाले तरचा. फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही आधी बोलता आणि तो तुमचं बघून ठरवतो, त्यामुळे बऱ्याचदा रिव्हरच्या आधीच तुम्हाला उठावं लागतं. ७-२ वर फ्लॉपला जोडी लागली तरी पुढच्या दोन पैजा झेपत नाहीत. ८-५ सूटेडचं (एकाच रंगाचे) तसं नाही. दहातल्या एखाद्या फ्लॉपला फ्लशचा (एका रंगाचे पाच) ड्रॉ मिळतो, म्हणजे एकच पत्ता कमी पडतो, अधूनमधून स्ट्रेटचाही (ओळीने पाच), आणि मग तुम्हीही दाब देऊ शकता. बटणासमोर तो कॉल मी डोळे मिटून केला असता. टर्नला सोडलंत तेही ठीकच.

मुख्य गोष्ट वेगळीच आहे. फोल्ड केलं की १०० गेलेच. म्हणून कॉल फायद्याचा असण्याची गरज नाही, त्यात सरासरी १०० पेक्षा कमी जायला हवेत. तसे पत्ते घेऊन ८० च्या सरासरीने हरलात तरी दर डावाला २० वाचले. शिवाय मित्राची बाजू बघा: १५० मिळवायला तो २५० लावतो. तुम्ही दोघं मिळून ६२.५ टक्क्यांहून जास्त वेळा फोल्ड करत असाल, तर त्याने पत्ते न बघता रेझ केला तरी तो फायद्यात.

पण हे बटणासमोर. पहिल्याच जागेवरून कुणी रेझ केला तर ८-५ टाका, त्याचे पत्ते बहुधा दमदार असतात. राजा-३ ऑफसूटपासून तर जपाच. राजा लागला की मोठ्या किकरखाली (जोडीबरोबरचा दुसरा पत्ता) अडकून पडायची भीती.

प्रतिसाद २

स्मॉल ब्लाइंडला तो नियम लावू नका. तिथे २०० घालावे लागतात, म्हणजे ३३ टक्के हवेत, आणि मागे बिग ब्लाइंड अजून बोलायचा असतो. मी तिथे नुसता कॉल जवळजवळ करतच नाही. पुन्हा रेझ, नाहीतर फोल्ड.

कॅसिनोत आणखी एक धरा: पॉटमधून रेक (कॅसिनोचा वाटा) कापला जातो. घरी जेमतेम जमणारे कॉल तिथे तोट्यात जातात. गुलाम-४ ऑफसूटसारखे पत्ते मी घरीही टाकतो, तिथे राजा-३ ऑफसूटही टाका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. ‘१०० पेक्षा कमी जायला हवेत’ हे लक्षातच आलं नव्हतं. एक शंका राहिली. त्याने २५० ऐवजी २०० केले तर मला ४५० साठी १०० घालायचे, म्हणजे २२ टक्के पुरतात. मग ९-४ सूटेडसारखे पत्तेही खेळायचे का?

प्रतिसाद १

हो, बटणासमोर आणि घरी, बिनधास्त. ९-४ ऑफसूट मात्र नको.