बोअरच्या पाण्याने केस गळतात की तुटतात?

प्रश्न (वाघोली_बी_विंग)
टँकर-बोअरवर चालणाऱ्या सोसायट्यांत एकच तक्रार ऐकू येते: पाणी जड, म्हणून केस गळतात. टीडीएस मीटर ८०० दाखवतो. शॉवरला फिल्टर लावावा, सॉफ्टनर बसवावा, की डॉक्टरकडे जावं? आणि विशीत पिकलेले केस परत काळे होतात का?

मुळाशी_जा
आधी कंगव्यातले दहा-पंधरा केस उजेडात नीट बघा. एका टोकाला बारीकशी पांढुरकी गाठ असेल, तर केस मुळातून सुटलाय. गाठ नाही, तुकडा आखूड आणि टोक फाटलेलं, तर तो मधेच तुटलाय. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसाच्या काडीवर बसतात. त्याने केस राठ होतो, गुंततो, विंचरताना तुटतो. मूळ त्वचेच्या काही मिलिमीटर आत असतं, तिथपर्यंत हे क्षार जात नाहीत.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळंच, त्यात साधं मीठही आलं. जडपणा वेगळा मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक धरतात, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. शॉवरचे छोटे फिल्टर बहुतेक क्लोरीन कमी करतात, जडपणा नाही. त्यावर पैसे घालू नका. जडपणा जातो तो रेझिनच्या (क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या) सॉफ्टनरने, आणि त्या रेझिनला ठरल्या वेळी मिठाच्या पाण्याने धुतलं नाही तर तोही नुसता शोभेचा. तोवर आठवड्यातून एकदा ईडीटीए (क्षार पकडणारं रसायन) असलेला शांपू वापरा, शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या.

फेरिटिन_आधी
केसाच्या टोकाला गाठ दिसली तर पाण्याचा विषय सोडा, कॅलेंडर काढा. डोक्यावर साधारण एक लाख केस, त्यातले दहाएक टक्के विश्रांतीत असतात. म्हणून दिवसाला ५० ते १०० गळणं नेहमीचंच. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन किंवा उपाशी राहून केलेलं डाएट झालं की वाढीतले बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. गणपतीत डेंग्यू झाला की दिवाळीच्या सुमारास कंगवा भरतो, आणि दोष मात्र त्या आठवड्यात आलेल्या टँकरला! असं गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं.

नाही थांबलं तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी१२ तपासा. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या जीवनसत्त्वाच्या) गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा आणि डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी बंद करा. थायरॉईडचे आकडे त्याने चुकीचे येतात.

भांग रुंदावतोय किंवा कपाळाचे कोपरे मागे सरकताहेत, तर प्रकरण वेगळं. तिथे मिनॉक्सिडिल, म्हणजे टाळूला लावायचं केस वाढवणारं औषध. पुरुषांना सहसा ५ टक्क्यांचं, १ मिलि दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. केसांना चोपडून उपयोग नाही. पहिले दोन-आठ आठवडे गळणं वाढतं, कारण विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देतात. बहुतेक लोक नेमकं तिथेच सोडतात. चार महिन्यांआधी निकाल लावू नका. खाज आली तर बऱ्याचदा त्यातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल हे द्रावक नडतं, याच औषधाच्या फोममध्ये ते नसतं. गरोदरपणात लावायचं नाही. घरात मांजर असेल तर फार जपा, तिला हे विषारी आहे.

रंगपेशी
पिकण्याबद्दल. २०२० मध्ये हार्वर्डच्या गटाने उंदरांत दाखवलं की ताणात सुटणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनमुळे रंगपेशींच्या मूळपेशींचा (ज्यांच्यातून नव्या रंगपेशी बनतात) साठाच संपतो. माणसांत २०२१ चं कोलंबिया विद्यापीठाचं काम वाचण्यासारखं आहे. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे त्याची लांबी हीच रोजनिशी. १४ जणांच्या केसांचे बारीक टप्प्यांत रंग मोजले, तेव्हा काही केस टोकाला पांढरे आणि मुळाशी पुन्हा काळे निघाले. एकाच्या डोक्यावरचे ५ केस सुट्टीच्या काळात काळे झाले होते. पण हे नुकतेच पिकलेले, मोजके केस. सगळं डोकं काळं करणारं औषध यातून निघालेलं नाही. विशीत पिकत असतील तर बी१२ नक्की बघा, विशेषतः शाकाहारी असाल तर. कमतरता भरून निघाल्यावर रंग परत आल्याच्या नोंदी आहेत.

वाघोली_बी_विंग
जडपणा घरी मोजता येतो का?

मुळाशी_जा
येतो, थेंबांचं किट मिळतं. दोन मिनिटं नळ सोडून मग बाथरूमच्याच नळाचं पाणी घ्या, आरओचं नको. किटमधलं रंग दाखवणारं द्रव्य आधी टाका, पाण्याला वाइनसारखा लाल रंग येतो. मग दुसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकून हलवत राहा. जांभळ्यावर थांबू नका, स्वच्छ निळा होईपर्यंत मोजा. एका थेंबाला किती मिलिग्रॅम ते किटवर छापलेलं असतं.