मदत हवी आहे: करासहित किंमत, कार्ट आणि बिल यांच्या रकमा जुळत नाहीत

कोरी_पाटी
नमस्कार. माझ्या ऑनलाइन दुकानात सर्व किमती करासहित दाखवल्या जातात. एका वस्तूची किंमत ९.९९ भरली आहे आणि वस्तूच्या पानावर ती तशीच दिसते. परंतु ती कार्टमध्ये टाकताच १०.०० होते. तीन नग घेतले तर रक्कम २९.९७ व्हायला हवी, पण कार्ट २९.९९ दाखवते आणि बिलावर ३०.०० छापले जाते. १२.०० किमतीच्या वस्तूच्या बाबतीत असे काहीही होत नाही, म्हणजे सूत्र बरोबर असले पाहिजे. रक्कम जुळत नसल्याने पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा) काही व्यवहार नाकारत आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘दुसरे सॉफ्टवेअर घ्या’ हा सल्ला आधीच भरपूर मिळाला आहे.

आकडेमोड
कराचा दर किती आहे, किमती डेटाबेसमध्ये करासहित साठवल्या आहेत की करपूर्व, आणि दशांशस्थळे किती ठेवली आहेत, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणीही नेमके सांगू शकणार नाही.

शून्याधारित
हा फ्लोटिंग पॉइंटचा, म्हणजे संगणक दशांश अपूर्णांक अंदाजे साठवतो त्याचा, जुनाच आजार आहे. ०.१ आणि ०.२ यांची बेरीजसुद्धा संगणक बायनरीत (० आणि १ च्या पद्धतीत) तंतोतंत ०.३ अशी देत नाही. सर्व रकमा चलनाच्या सर्वांत लहान एककात, पूर्णांक म्हणून साठवा, म्हणजे ९.९९ ऐवजी ९९९. एवढे केले की प्रश्न संपला.

कोरी_पाटी
दर २० टक्के आहे. प्रणाली पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहून घेतलेली आहे, डेटाबेस मायएसक्यूएल आहे आणि किमतीचा रकाना डेसिमल प्रकारचा, दोन दशांशांचा आहे. आम्ही करासहित किंमत भरतो. आत काय साठते ते आताच पाहिले, तर तिथे ८.३३ आहे.

आकडेमोड
मग दोष सापडला. ९.९९ ला १.२ ने भागले की ८.३२५ येतात. दोन दशांशांच्या रकान्यात ते बसत नाहीत, म्हणून ८.३३ साठतात. कार्ट ही रक्कम पुन्हा १.२ ने गुणते आणि ९.९९६ चे १०.०० होतात. तीन नगांच्या वेळी कार्ट आधी ८.३३ ला तीनने गुणून २४.९९ काढते आणि मग कर लावते, म्हणून २९.९८८, म्हणजेच २९.९९. बिल मात्र प्रत्येक नगाचा कर आधी राउंड करते (दोन दशांशांपर्यंत पूर्ण करते) आणि नंतर तीनने गुणते, म्हणून ३०.००. तुमच्याकडे एक नव्हे, दोन दोष आहेत: चुकीची रक्कम साठवली जाते, आणि राउंडिंग दोन ठिकाणी दोन वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. १२.०० चे करपूर्व मूल्य बरोबर १०.०० असल्यामुळे ती वस्तू या दोन्हींतून सुटते.

शून्याधारित यांच्याशी मी सहमत नाही. ९९९ ला १.२ ने भागल्यावर ८३२.५ येणारच, पूर्णांकात साठवले म्हणून तो अर्धा कुठे नाहीसा होत नाही.

शून्याधारित
अर्धा वर न्यायचा की खाली हे एकदा ठरवले की झाले. पूर्णांकांमुळे निदान तो निर्णय आपल्या हातात राहतो. पीएचपीचा राउंड, काही वेगळे सांगितले नसेल तर, अर्ध्यावर शून्यापासून दूर जातो, तर पायथन ३ चा राउंड जवळच्या सम अंकाकडे जातो, म्हणून तिथे २.५ चे २ होतात. दुकान एका भाषेत आणि हिशेबाची प्रणाली दुसऱ्या भाषेत असेल तर हा फरक हमखास भोवतो.

आकडेमोड
तो मुद्दा मान्य आहे, पण इथे कोणताही निर्णय घेतला तरी उपयोग नाही. ८.३२ साठवले तर ९.९८ येतात आणि ८.३३ साठवले तर १०.००. दर २० टक्के असताना, दोन दशांशांच्या कोणत्याही करपूर्व रकमेतून ९.९९ निघतच नाहीत. करपूर्व रक्कम ०.०१ ने वाढली की करासहित रक्कम ०.०१२ ने वाढते, त्यामुळे दर सहा करासहित किमतींपैकी एक गाळली जाते, आणि ९.९९ नेमकी त्यांतली आहे.

जुना_हिशेबनीस
रकान्याला चार दशांश द्या. ८.३२५० ला १.२ ने गुणले की बरोबर ९.९९ येतात. आम्ही कित्येक वर्षे असेच करत आलो आहोत आणि कधी कुरबुर झालेली नाही.

आकडेमोड
२० टक्क्यांना चालेल. दर १९ टक्के असेल तर ९.९९ चे करपूर्व मूल्य ८.३९४९५७… असे लांबत जाते आणि चार दशांशांत ८.३९५० साठते. एका नगाला काही कळणार नाही. हजार नगांना ९९९०.०० ऐवजी ९९९०.०५ येतील. चार दशांशांनी चूक मिटत नाही, ती मोठ्या ऑर्डरपर्यंत पुढे ढकलली जाते.

जुना_हिशेबनीस
हजार नग ऑनलाइन कोण घेतो?

चौथा_रकाना
माझ्या मते किमतीच बदलाव्यात. शेवटी ९९ लावण्याची सवय सोडून, दराने नीट भाग जाईल अशा किमती ठेवल्या तर ग्राहकालाही पारदर्शकता वाटते.

कोरी_पाटी
किमती बदलायच्या नाहीत. प्रश्न किंमत कशी ठेवावी हा नसून, ठेवलेली किंमत बिलापर्यंत तशीच कशी पोहोचेल हा आहे.

आकडेमोड
तर मग ग्राहकाला दाखवलेली रक्कम हीच मूळ मानावी आणि तीच साठवावी. नगांच्या संख्येने गुणून ओळीची (बिलावरील एका वस्तूच्या नोंदीची) करासहित रक्कम काढावी: २९.९७. तिच्यातला कर २०/१२० या प्रमाणात काढावा, ४.९९५ येतात, ते एकदाच राउंड करून ५.०० करावेत. करपूर्व रक्कम वेगळी राउंड करू नये, ती केवळ वजाबाकीने काढावी: २४.९७. एका नगालाही हेच लागू आहे. ८.३२५ आणि १.६६५ दोन्ही वर नेले तर बेरीज १०.०० होते, कर १.६७ धरून उरलेले ८.३२ करपूर्व मानले की ९.९९ शाबूत राहतात.

जुना_हिशेबनीस
मग एका नगाचा कर १.६७, तीन नगांचा ५.०१ व्हायला हवा आणि बिलावर ५.००. ग्राहक विचारणार नाही का?

आकडेमोड
म्हणूनच नगवार कर छापू नये. प्रत्येक दरासाठी एकच एकूण आकडा छापावा. कर ओळीवार राउंड करायचा की संपूर्ण बिलावर, हे लागू असलेल्या नियमांनुसार कर सल्लागाराकडून ठरवून घ्यावे. मात्र एकदा ठरले की कार्ट, बिल आणि गेटवेला जाणारी रक्कम ही तिन्ही एकाच फंक्शनमधून आली पाहिजेत.

उलटतपासणी
एक अपवाद नोंदवतो. व्यावसायिक ग्राहकांना करपूर्व दरपत्रक दिले असेल तर तिथे करपूर्व रक्कमच मूळ ठरते आणि हीच पद्धत उलट दिशेने वापरावी लागते. शिवाय दोन दशांश सर्वच चलनांना लागू नाहीत. येनला एकही नाही आणि कुवेती दिनारला तीन आहेत. तो आकडा कोडमध्ये कायमचा कोरून ठेवू नये.

कोरी_पाटी
बदल करून पाहिला. कार्ट आणि बिल दोन्हीकडे २९.९७ येतात आणि गेटवेही रक्कम स्वीकारत आहे. परंतु सवलतीचे कूपन लावले की पुन्हा ०.०१ चा फरक पडतो.

आकडेमोड
कूपन आहे हे आत्ता सांगता आहात! सवलत टक्क्यांत आहे की ठरावीक रकमेची?

कोरी_पाटी
ठरावीक, संपूर्ण कार्टवर १०.००. ती सर्व ओळींमध्ये वाटली जाते.

आकडेमोड
तीन सारख्या ओळी असतील तर प्रत्येकी ३.३३ जातात आणि ०.०१ कोणाच्याच वाट्याला येत नाही. प्रत्येक वाटा आधी खाली राउंड करावा, उरलेली एकके ज्या ओळींचा अपूर्णांक सर्वांत मोठा कापला गेला त्यांना एकेक द्यावीत, आणि बरोबरी झाल्यास वरच्या ओळीला प्राधान्य द्यावे. कर सवलत वजा केल्यानंतरच्या रकमेतून काढावा. आणि हे वाटे ऑर्डरसोबत साठवून ठेवावेत, कारण एखादी वस्तू परत आली की परतावा साठवलेल्या वाट्यावरूनच द्यायचा असतो. त्या वेळी नव्याने हिशेब मांडला आणि मधल्या काळात कराचा दर बदललेला असला, तर ग्राहकाने भरलेली रक्कम आणि परत मिळालेली रक्कम वेगवेगळ्या होतील.

कोरी_पाटी
वाटे साठवण्यासाठी नवा रकाना जोडत आहे. आधीच्या ऑर्डरींचे काय करावे?

उलटतपासणी
त्यांना हात लावू नये. बिल गेलेले आहे. ज्यांच्याकडून जास्त रक्कम घेतली गेली त्यांना फरक परत करावा आणि त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी.