ज्युनिअर केजीतली मुलगी लिहायला कंटाळते, क्लास लावावा का?

राजारामपुरीची आई:
मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, नाव नको. रोज एक पान एबीसीडी आणि एक पान आकडे असा होमवर्क असतो. परवा मॅडम म्हणाल्या, "बोलायला हुशार आहे, पण रायटिंग फार स्लो. एस उलटा काढते, बी-डीची गल्लत करते. घरी सराव घ्या, नाहीतर क्लास लावा." घरी सासूबाई पाटीवर मराठी शिकवतात, तिथंही ३ चा ६ होतो. वही काढली की हिचं पोट दुखतं, आणि रंकाळ्यावर भेळेची गाडी दिसली की तेच पोट बरं होतं. मिस्टर म्हणतात सवय आत्ताच लागली पाहिजे. कळंब्याच्या बाजूला एक क्लास आहे, रोज तासभर. लावू का?

पेठेतला बाबा:
बिनधास्त लावा. आमच्या पोराला लावलाय, पाच पूर्ण व्हायच्या आधीच शंभरपर्यंत टकाटक लिहितोय. पुढं पहिलीत दमछाक नको.

निवृत्त बाई:
ताई, लावू नका. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली, त्यामुळं जरा लांबण लागेल.

आधी उलट्या अक्षरांचं. कपाचा कान डावीकडं असो की उजवीकडं, कप तो कपच, हे पोरं रांगत्या वयापासून शिकलेली असतात. अक्षरापाशी आलं की हा नियम मोडतो. ३ फिरवला की ६, बी फिरवला की डी. घरातली दुसरी कुठली वस्तू अशी लबाडी करते? म्हणून सहा-सात वर्षांपर्यंत पोरं उलटं काढतात, त्यात काळजीचं काही नाही. दुसरी संपत आली तरी तसंच चाललंय आणि वाचतानाही अडतंय, असं असेल तर दाखवून घ्यायचं. साडेचाराव्या वर्षी नाही.

दुसरं, हात. गोल साधारण तिसऱ्या वर्षी जमतो, चौकोन चारच्या पुढं, त्रिकोणाला पाच तरी उजाडतात, कारण बघून तिरकी रेघ काढणं सगळ्यात अवघड. आता के, एम, एन, डब्ल्यू डोळ्यांपुढं आणा, आणि ते दोन रेघांच्या मध्ये बसवायचे. पोट दुखणारच की हो!

बाबा, तुमच्या शंभराबद्दल. पाच शेंगा एकमेकींना चिकटून एका ओळीत मांडा, खाली दुसऱ्या पाच लांब लांब मांडा आणि पोराला विचारा, जास्त कुठं आहेत? एक ते शंभर घडाघडा म्हणणारी कितीतरी पोरं लांब ओळीवर बोट ठेवतात. आकडा लिहिता येणं वेगळं, पाच म्हणजे पाचच हे पटणं वेगळं. ते पटायला पोरानं शेंगा हातात घेऊन वाटाव्या लागतात, ताटं मांडावी लागतात, एकाला कमी पडली म्हणून भांडावं लागतं.

माझ्या वर्गात एक पोरगं होतं, वडील गुऱ्हाळावर कामाला. जूनमध्ये आलं तेव्हा एक अक्षर येत नव्हतं. पण काहिलीत रस कधी ओततात, भेंडीचं पाणी कशाला घालतात, मळी कशी वर येते, ढेप कधी निघते, हे अख्खं क्रमानं सांगायचं, मध्ये कोणी बोललं तर "थांबा बाई, अजून उतरवलं न्हाई" म्हणायचं. दिवाळीनंतर वाचायला लागलं ते सुसाट. सांगण्यासारखं पोटात भरपूर होतं, फक्त खुणा शिकायच्या राहिल्या होत्या. उलट वह्या भरून आलेली काही पोरं "काल काय केलंस?" म्हटलं की गप्प उभी राहायची.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय. २०२१ च्या निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या मोहिमेतही समजून वाचणं तिसरीच्या अखेरपर्यंत यावं असं आहे. सरकार थांबायला तयार आहे, घाई आपल्यालाच. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोर शाळेत न घालणाऱ्याला दंड होता. आता दुसऱ्या टोकाला दंड लावायची वेळ आलीय, असो.

पण नुसतं "खेळू दे" म्हणून सोडायचंही नाही हं. रोज गोष्ट वाचा, ओळीखालून बोट फिरवत. "म वरून काय काय?" असं जिन्यात चढता-उतरता विचारा. शेंगा फोडणं, मेथी निवडणं, कणकेचे साप करणं, स्वतःची बटणं लावणं, यातून बोटं तयार होतात. सासूबाईंना थांबवू नका. पाटीवर मोठं काढायला मिळतं आणि चुकलं की पुसता येतं. त्यांना एवढंच सांगा की एकच अक्षर गिरवत बसू नका. ग म भ न आले की मन, नभ, गगन, नग करून वाचायला द्या. त्यात मजा आहे.

गंगावेस:
बाईंशी सहमत. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये आपल्याच कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, ते याच विचारानं. तरी आपण अजून पानंच मोजतोय.

राजारामपुरीची आई:
पटलं. पण वही अर्धी गेली तर शाळेत तिलाच बोलतील ना?

निवृत्त बाई:
दहा मिनिटं बसवा, जेवढं होईल तेवढं. डायरीत स्वतः लिहा, "आज मी थांबवलं." म्हणजे बोलणी तुम्हाला बसतील, तिला नाही. मॅडमना पालकसभेत नको, शाळा सुटताना एकटीनं भेटा. त्यांनाही वरून विचारणा असते, आणि पान कोरं दिसलं की पहिली तक्रार पालकच करतात. एकदा बोलून ठेवलंत तर निम्म्या पानावर तयार होतील.

पेठेतला बाबा:
बाई, शेंगा मांडल्या. आमचा शंभरवाला पठ्ठ्या लांब ओळच जास्त म्हणाला, वर एक शेंग खाल्ली. क्लास मात्र चालूच राहील, वर्षाची फी भरून बसलोय.