रशियातल्या जुन्या वेधशाळा चुंबकसूचीचं सूक्ष्म वळण कसं मोजत?

प्रश्न (सोलापूर): १८३० च्या दशकात कझान, बर्नौल, नेर्चिन्स्कला दिक्पाताची (खरी उत्तर दिशा नि चुंबकसूची यांमधल्या कोनाची) रोजची हालचाल कशी टिपत? कॉलेजात तसंच उपकरण उभं करायचंय.

उत्तर: जर्मन गणितज्ञ गाउसची आरसा-दुर्बीण पद्धत. बिनपिळाच्या रेशमी धाग्याला चुंबक, त्यावर आरसा, समोर दुर्बीण नि मोजपट्टी. आरसा ते मोजपट्टी अंतर ३ मीटर ठेवा. दुर्बिणीतून दिसणारं पट्टीवरचं वाचन १ मिमी सरकलं की चुंबक सुमारे ०.६ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) वळला. रोजची हालचाल काही कलांचीच असते. चुंबकाआधी तेवढ्याच वजनाचा पितळी तुकडा टांगून धाग्याचा पीळ जाऊ द्या. भोवती काचेची पेटी हवीच, वाऱ्याने सगळं हलतं.

दुसरं उत्तर: जवळच्या लोखंडानं चुंबक भरकटतो; खिडकीचे गज, पार्किंगमधल्या मोटारसायकली बघा आधी! विजेच्या ट्रॅममुळेच मुंबईच्या कुलाबा चुंबकीय वेधशाळेचं काम १९०४ पासून अलिबागला हलवलं. रशियानं तर १९५० च्या दशकात समुद्रातल्या मोजणीसाठी ‘झार्या’ हे जवळपास लोखंडविरहित लाकडी जहाज वापरलं.

प्रश्नकर्ता: खिळेही पितळीच घेतो मग.