मदत हवी आहे: चांदीकाम न सोडता डिझाइनमध्ये पीएचडी कुठे आणि कशी करावी?

नमस्कार मंडळी,

मी हुपरीची (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर). घरात पिढीजात चांदीचं काम, मुख्यतः पैंजण. एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) झालंय, सध्या तासिका तत्त्वावर शिकवते आणि उरलेला वेळ घरच्या कारखान्यात बसते. पुढे पूर्णवेळ प्राध्यापकी करायची इच्छा आहे, पण हातातलं काम ठेवून.

संशोधनासाठी मला घ्यायचंय झाळकाम, म्हणजे चांदीच्या आधी वितळणाऱ्या मिश्रधातूने (झाळेने) चांदीचे भाग जोडणं. माझी काकू कडीला घुंगरू झाळते तेव्हा सांध्याला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) आधी फुगतो, मग काचेसारखा पातळ होतो, आणि एका क्षणी झाळ चमकून सांध्यात पळते. ज्योत तिथेच बाजूला घ्यावी लागते, नाहीतर कडीच वितळून बसते. चांदी 961 अंशांना वितळते, झाळ त्याच्या आधी. काकू अंश मोजत नाही, धातूची लाली बघते. लाली नीट दिसावी म्हणून भर दुपारीही खिडकीला पोतं लावलेलं असतं. हे ज्ञान कुठे लिहिलेलं नाही, आणि नवीन मुलं कामाला बसत नाहीत म्हणून मला घाई आहे.

एका विद्यापीठात मार्गदर्शकांशी बोलले. ते म्हणाले, कारागिरांचं सर्वेक्षण करा, प्रश्नावली भरून घ्या, नक्ष्यांचा संग्रह करा. ते काम महत्त्वाचं आहेच, पण मला स्वतः झाळून, बिघडवून, पुन्हा करून शोधायचंय. शिवाय काकू फक्त ‘माहिती देणारी’ आणि संशोधक मी एकटी, हे मनाला पटत नाही.

मुंबईत आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात आणि अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) पीएचडी होते हे माहीत आहे. तिथे घडवलेली वस्तू प्रबंधाचा भाग म्हणून धरतात का? ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये चांदीकामाचा स्वतंत्र विभाग आहे, पण तिकडे जायचं तर काकूपासून लांब जाऊन नेमकं काय अभ्यासणार? आणि खर्चाचं काय? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, विषय फार मोलाचा आहे, सोडू नका. मी धातुकामातच ब्रिटनमध्ये पीएचडी केली. तिकडे घडवलेलं काम जोडलं की लेखी प्रबंध आखूड चालतो. पण वस्तू नुसती मांडून भागत नाही, ती घडताना काय कळलं ते दाखवावं लागतं. म्हणून आजपासून वही ठेवा: चांदीचा टंच (शुद्धता), पत्र्याची जाडी, झाळेतलं मिश्रण, काय फसलं. फसलेले तुकडे आटवू नका, चिठ्ठी लावून ठेवा. तुमचा खरा पुरावा तोच.

काकूंच्या हातांचं चित्रीकरण करा आणि तेच त्यांना दाखवून विचारा, “इथे ज्योत का वळवली?” प्रत्यक्ष काम करताना सांगता येत नाही ते पडद्यावर बघताना बरोबर आठवतं. त्यांची भाषा जशीच्या तशी टिपा.

परदेशी जायलाच हवं असं मुळीच नाही. तुमचं साहित्य, भट्टी, माणसं सगळं हुपरीत आहे. इथे अर्ज करताना संस्थेपेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध मागून वाचा, म्हणजे घडवण्याला किती जागा मिळते ते समजेल. पैशांसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप बघा. वय 25 ते 40, मुदत 2 वर्षं. कायम नोकरीसाठी दृश्यकला विषयात नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन ठेवलेलं बरं.

आणखी एक. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची, म्हणजे प्रत्यक्ष कामातल्या अनुभवी माणसांना शिकवायला नेमण्याची, सोय केली आहे. 15 वर्षांचा अनुभव लागतो, पदवीची सक्ती नाही. नेमणूक ठरावीक मुदतीचीच असते, पण तुमच्या महाविद्यालयाने मनावर घेतलं तर काकूच वर्गात शिकवायला येऊ शकतात. प्राचार्यांकडे हा विषय नक्की काढा. प्रस्तावाचं एक पान तयार झालं की इथे टाका, मी वाचून सांगतो. त्यात काकूंचं नाव कुठे आणि कोणत्या नात्याने येणार ते पहिल्या मसुद्यातच लिहा.